देसाईगंज टाइप केलं तर वडसा दिसेल का? सर्च बॉक्सखाली उघडणाऱ्या यादीची गोष्ट

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. पुण्यातल्या माझ्या एका मैत्रिणीला झाडीपट्टीचं नाटक बघायचं होतं. गावाबाहेरच्या शेतात मंडप टाकून पहाटेपर्यंत चालणारं, अगदी तसंच. मी ऐटीत सांगितलं, "तू देसाईगंजला ये, बाकीचं मी बघते."

थोड्या वेळाने तिचा मेसेज आला, "अगं, देसाईगंज नावाचं स्टेशनच नाहीये."

चूक माझीच होती. गाव देसाईगंज, पण रेल्वे स्टेशन वडसा. म्हटलं, "वडसा टाक." पाच मिनिटांनी स्क्रीनशॉट आला. तिने तिकिटाच्या अ‍ॅपमध्ये व्ही, ए, डी एवढंच टाइप केलं होतं आणि खाली यादी उघडली होती. सगळ्यात वर वडोदरा. सोबत प्रश्न, "हे चालेल का?"

हसून झाल्यावर मी विचार करत बसले. सर्च बॉक्समध्ये दोन-तीन अक्षरं टाकली की खाली चार-पाच ओळी उघडतात. आपण पुढचं टाइप करायचं सोडतो आणि त्यातलं एक निवडतो. या ओळींना सर्च सजेशन म्हणतात. मुंबई, पुणे, नागपूर शोधणाऱ्यासाठी ती निव्वळ सोय आहे, दहा अक्षरांऐवजी तीन टाइप करायची. पण ज्या गावाला दोन नावं आहेत आणि इंग्रजीत चार स्पेलिंगं, त्या गावासाठी ही यादी म्हणजे दार आहे. यादीत नाव आलं नाही तर समोरच्याला वाटतं, असं गावच नाही.

एकाच लाइनवर चार घोळ

वडसा स्टेशन गोंदिया–नागभीड–बल्हारशाह या मार्गावर आहे. गडचिरोली जिल्ह्यातलं रेल्वे स्टेशन म्हणून वर्षानुवर्षं हेच एक नाव सांगितलं जातं. वडशाहून गडचिरोलीला जाणाऱ्या सुमारे ५२ किलोमीटरच्या नव्या मार्गाचं काम सुरू आहे. म्हणजे उद्या या स्टेशनचं नाव आणखी जास्त लोक टाइप करणार.

आता याच लाइनवरची स्टेशनं बघा. नगरपरिषद देसाईगंज, स्टेशन वडसा. तालुका नागभीड, पण रेल्वेचं इंग्रजी स्पेलिंग नागभीर असं वाचलं जातं. शहर बल्लारपूर, स्टेशन बल्हारशाह. आणि सगळ्यात मोठा घोळ चंद्रपूरचा. चांदा हे नाव बदलून १९६४ मध्ये चंद्रपूर झालं, पण या लाइनवरचं स्टेशन आजही चांदा फोर्टच आहे. चंद्रपूर नावाचं वेगळं स्टेशन आहे खरं, पण ते वर्धा–बल्हारशाह मार्गावर. म्हणजे वडशाचा एखादा मुलगा परीक्षेसाठी चंद्रपूरला निघाला, त्याने "चंद्रपूर" टाइप केलं आणि यादीतलं पहिलं चंद्रपूर निवडलं, तर त्याला थेट गाडी सापडणार नाही. गाडी असते. ती चांदा फोर्टला थांबते.

हे इथल्या लोकांना पाठ आहे. बाहेरच्याला कोण सांगणार? ती यादीच सांगू शकते. "चंद्रपूर" टाइप केल्यावर खाली दोन ओळी आल्या पाहिजेत, एक चंद्रपूर आणि दुसरी चांदा फोर्ट, चंद्रपूर शहर. एवढंच.

हे चालतं कसं?

गूगलने हा प्रकार डिसेंबर २००४ मध्ये प्रयोग म्हणून लोकांसमोर आणला. केविन गिब्स नावाच्या इंजिनिअरने ठरलेल्या कामाबाहेरच्या वेळात तो बनवला होता. २००८ मध्ये सजेशन गूगलच्या मुख्य पानावर सगळ्यांना दिसायला लागली. २०१० मध्ये गूगलने पुढची उडी मारली, टाइप करता करताच खाली अख्खे निकाल बदलायचे. ते मात्र २०१७ मध्ये बंद केलं, कारण तोवर बहुतेक सर्च मोबाइलवर आला होता आणि छोट्या स्क्रीनवर त्याचा उपयोग नव्हता. सजेशन टिकली.

आतलं काम समजायला सोपं आहे. तुम्ही अक्षर दाबलं की वेबसाइट क्षणभर थांबते, साधारण सेकंदाचा पाव भाग. तेवढ्यात तुम्ही पुढचं अक्षर दाबलं तर आधीचं सोडून देते. थांबलात तर टाइप झालेली अक्षरं सर्व्हरकडे पाठवते. सर्व्हर आपल्या यादीत त्या अक्षरांनी सुरू होणारी नावं शोधतो, त्यातली जास्त शोधली जाणारी वर ठेवतो आणि पाच-सात परत पाठवतो.

यात एक बारीक गोम आहे आणि नेटवर्क कमजोर असेल तिथे ती चांगलीच टोचते. समजा तुम्ही "वड" टाइप केलं, मग "वडसा". दोन विचारणा गेल्या. नेटवर्क अडखळलं आणि पहिलीचं उत्तर दुसरीच्या नंतर पोहोचलं. आता बॉक्समध्ये वडसा दिसतंय, खाली यादी मात्र "वड"ची. तुमचा अंगठा पहिल्या ओळीवर जातो, त्याच क्षणी यादी बदलते आणि वडाळा निवडलं जातं. तुम्हाला वाटतं आपलंच बोट चुकलं. जुनं उत्तर उशिरा आलं तर ते फेकून द्यायचं, ही दोन-तीन ओळींची दुरुस्ती आहे. कोरची-भामरागडच्या नेटवर्कवर कुणी चाचणी केली तरच ती सुचते. पुण्या-मुंबईच्या ऑफिसातल्या वायफायवर हा प्रॉब्लेम दिसतच नाही.

कॉम्प्युटरला वडसा माहीत नसतं

आता तुम्ही म्हणाल, स्पेलिंग चुकलं तरी गूगल बरोबर ओळखतं की. ओळखतं. दोन शब्दांमध्ये किती अक्षरांचा फरक आहे हे मोजायची पद्धत आहे. व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ मध्ये मांडलेलं हे माप आजही वापरात आहे. व्हीने लिहिलेलं वडसा आणि डब्ल्यूने लिहिलेलं वडसा यात एकाच अक्षराचा फरक, म्हणजे गाव तेच असणार असा अंदाज बांधता येतो.

पण वडसा आणि देसाईगंज यांत अक्षरांचं काय साम्य? हा संबंध कुठल्याही गणितातून निघत नाही. कुणीतरी बसून यादीत लिहावा लागतो, हे म्हणजे ते.

नुसतं कंसात लिहूनही भागत नाही. तालुक्याचं नाव बऱ्याचदा "देसाईगंज (वडसा)" असं लिहिलेलं दिसतं. वाचणाऱ्याला ते पुरेसं आहे. पण सर्च जर फक्त नावाच्या सुरुवातीची अक्षरं जुळवत असेल तर हे नाव "दे"ने सुरू होतं. "वड" टाइप करणाऱ्याला ते दिसणारच नाही. प्रत्येक शब्दाची सुरुवात तपासायला सांगितलं की काम होतं. ड्रॉपडाउनमध्येही हीच गंमत. माणूस "व"पाशी जाऊन शोधतो आणि तालुका "द"पाशी बसलेला असतो.

देवनागरीची वेगळी डोकेदुखी. ऱ्हस्व-दीर्घ हा आपला जुना आजार, शंकरपूर की शंकरपुर. कोंढाळा हे गाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं की ळ आणि ल सारखेच. ण बोलण्यात न होतो, आणि बोलून सर्च करणाऱ्यांचं टायपिंग म्हणजे बोलणंच. हिंदी कीबोर्डवरून कुणी वडसा लिहिताना ड खाली नुक्ता दिला तर आणखी कठीण, कारण नुक्त्याचा ड युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना एकच दिसतो, कॉम्प्युटरला दोन वेगळे. तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंचे शब्द एका साच्यात आणायचे, नुक्ता काढायचा, ऱ्हस्व-दीर्घ सारखे धरायचे, हा यावरचा नेहमीचा उपाय. लिहिताना शुद्धलेखन पाळावं, शोधताना माफ करावं.

आणि एकाच नावाची गावं? देसाईगंज तालुक्यात आमगाव आहे, कोरेगाव आहे, शंकरपूर आहे. आमगाव नावाचा अख्खा तालुका शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, त्याला रेल्वे स्टेशनही. कोरेगाव म्हटलं की राज्याला आधी साताऱ्याचं किंवा भीमा कोरेगाव आठवतं. दुसरं शंकरपूर चिमूर तालुक्यात. त्यामुळे सजेशनमध्ये नुसतं गावाचं नाव दाखवणं धोक्याचं आहे, शेजारी तालुका-जिल्हा हवाच. इथे जुन्या ड्रॉपडाउनचं कौतुक केलं पाहिजे. सातबारा बघायच्या महाभूलेखवर जिल्हा, तालुका, गाव असं एकेक निवडत जावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण त्या वाटेने गेल्यावर भलत्याच जिल्ह्यातलं आमगाव निवडलं जायची भीती कमी. घाईघाईत ड्रॉपडाउन काढून सर्च बॉक्स लावला आणि तालुका दाखवला नाही, तर अर्ज चुकीच्या गावाच्या नावाने जाईल. मग हेलपाटे कुणाला, हे वेगळं सांगायला नको.

मग आत्ता हा विषय का?

दोन कारणं. २०२५च्या सुरुवातीला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सरकारी कार्यालयांसाठी १०० दिवसांचा कार्यक्रम दिला, पाठोपाठ १५० दिवसांचा. १०० दिवसांच्या कार्यक्रमातल्या सात मुद्द्यांमध्ये कार्यालयाची वेबसाइट सुधारणं हा एक मुद्दा होता. वेबसाइट सुधारायची म्हटलं की नवा रंग, नवा बॅनर, फिरते फोटो हे आधी होतं. गावाचं नाव टाकल्यावर गाव सापडतं का, हे फोटोत दिसत नाही.

दुसरं कारण नामांतरं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. नाव बदलण्याबद्दल तुमचं मत काहीही असो, सरकारी यादीत नवं नाव आलं म्हणून लोकांची बोटं त्या दिवसापासून नवं नाव टाइप करत नाहीत. मुंबईतल्या व्हीटीचं १९९६ मध्ये सीएसटी झालं, २०१७ मध्ये सीएसएमटी, तरी व्हीटी म्हणणारे भेटतातच. जुनं नाव यादीतून पुसून टाकलं तर सरकारचा आग्रह पूर्ण होईल, पण जुन्या कागदावरचं नाव बघून टाइप करणारा माणूस रिकाम्या पानावर पोहोचेल. जुन्या नावावर शोधू द्यायचं आणि नवं नाव दाखवायचं, यात कुणाचंच काही बिघडत नाही.

वडशाचं प्रकरण खरं तर याहून सोपं आहे. इथे जुनं-नवं असा वादच नाही. कागदावर देसाईगंज, तोंडात वडसा, दोन्ही नावं सुखाने नांदतात.

खर्च किती येतो?

मी हिशोब करून पाहिला. गडचिरोली जिल्ह्यात १२ तालुके आणि दीड हजारांहून जास्त गावं. देवनागरीतलं एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. गावाचं मराठी नाव, इंग्रजी स्पेलिंग, तालुका आणि एखाद-दुसरं पर्यायी नाव धरलं तर एका गावाला सरासरी ६० बाइट. १,६०० गावं धरा. सगळं मिळून शंभरेक केबी. फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येणारा फुलांचा फोटो साधारण तेवढाच असतो.

म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व्हरकडे धावायची गरजच नाही. पान उघडताना अख्ख्या जिल्ह्याची यादी एकदाच फोनमध्ये उतरवायची, पुढचं सगळं फोनच शोधेल. नेटवर्क गेलं तरी सजेशन चालू. उशिरा आलेल्या उत्तराचा मघाचा घोळही आपोआप मिटतो. मोठी कंपनी नको, एआय नको. तालुक्याच्या गावांची यादी घेऊन कुणीतरी तलाठ्यापाशी, एसटीच्या कंडक्टरपाशी बसलं पाहिजे आणि विचारलं पाहिजे, या गावाला लोक आणखी काय म्हणतात? माझ्या मते खरं काम हेच आहे, कोड लिहिणं त्यामानाने किरकोळ.

एक गोष्ट मात्र या यादीने सुटत नाही. सर्वसाधारण सर्चमध्ये सजेशनचा क्रम जास्त लोक काय शोधतात यावर बराच अवलंबून असतो. वडोदरा वडशाच्या वर येतं ते यामुळेच, त्यात कुणाचा डाव नाही. पण एखाद्या जिल्ह्याबद्दल बाहेरचे लोकच जास्त शोधत असतील, तर त्या जिल्ह्याच्या नावापुढे येणारे शब्दही त्यांच्याच मनातले असणार. गडचिरोली म्हटल्यावर बाहेरच्यांना काय आठवतं हे तुम्हाला माहीत आहे. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र आहे, नाटक मंडळ्यांची ऑफिसं इथे आहेत, दिवाळीनंतर गावोगावचे लोक नाटक ठरवायला इथे येतात. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पण गावातला माणूस नाटक सर्च करत नाही, तो थेट ऑफिसात येऊन तारीख ठरवतो. त्याचं शोधणं कुठल्याच आकड्यात मोजलं जात नाही.

मैत्रीण शेवटी आली. महाराष्ट्र एक्स्प्रेसने गोंदिया, तिथून वडसा. नाटक पहाटे संपलं, चहा पिऊन आम्ही स्टेशनवर गेलो. परतीचं तिकीट काढताना तिने बॉक्समध्ये वडसाही टाइप केलं नाही, देसाईगंजही नाही. सरळ स्टेशनचा कोड टाकला, डब्ल्यूएसए. शेजारच्या बाकावरच्या काकांनी तिला तो सांगितला होता. बल्हारशाहचा बीपीक्यूही त्यांना तोंडपाठ होता.