सरासरीच्या पलीकडची पदवी

बारावीनंतर बिझनेस डेटा अॅनालिटिक्सची पदवी घ्यायची म्हटली, की घरात पहिला प्रश्न येतो, ‘यात कोणतं सॉफ्टवेअर शिकवतात?’ माहितीपत्रकंही एक्सेल, एसक्यूएल, पायथन, पॉवर बीआय यांची यादी पुढे करतात. ही साधनं लागतातच, पण तीन वर्षं त्यांच्यावरच खर्ची घालणं हा विद्यार्थ्यांवर अन्याय आहे.

लासलगावच्या बाजार समितीतले कांद्याचे भाव घ्या. रोज आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर जाहीर होतात. समजा, एका दिवशी २०,००० क्विंटल कांदा १,२०० रुपयांनी गेला आणि दुसऱ्या दिवशी २,००० क्विंटल २,३०० रुपयांनी. दरांची साधी सरासरी १,७५० येते. आवकेचा भार धरला, तर १,३०० रुपये! सॉफ्टवेअर दोन्ही आकडे क्षणात काढून देईल. शेतकऱ्याच्या हाती काय पडलं हे कोणता आकडा सांगतो, ते ओळखायला संख्याशास्त्र हवं आणि बाजारही कळायला हवा.

ही समज सॉफ्टवेअरच्या आधीची आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात पीक उत्पादनाचे अंदाज नमुना पाहणीवर उभे केले. संगणक नव्हता. शेतातला ठरावीक आकाराचा तुकडा निवडून, कापून, वजन करून आकडा मिळे.

म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने निदान एक सत्र विद्यार्थ्यांना बाजार समितीत, दुकानात, पतसंस्थेत पाठवावं. एकाच गिऱ्हाइकाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेली वही त्यांनी स्वतः निस्तरावी आणि त्या कामाला लेखी परीक्षेइतकेच गुण असावेत.