खेळण्यांतील मोटार व तिच्या भुजा

कित्येक पालक आम्हांस विचारतात कीं, दुरून चालविण्याची खेळण्यांतील मोटार म्हणजे मुलांच्या वेळेचा व पैशाचा अपव्यय नव्हे काय? आमचें उत्तर असें कीं, ती नुसती पळविली तर अपव्ययच होय. परंतु ती नीट लावावयास शिकलें तर तो विद्याभ्यास होय.

जपानांतील तामिया कंपनीनें १९७६ सालीं अशी आपली पहिली मोटार, पोर्शे ९३४, विक्रीस काढली. अशा मोटारीचें यश केवळ वेगांत नसतें. चाकें धरणाऱ्या भुजांवर, म्हणजे सस्पेन्शन आर्मवर, पुष्कळ अवलंबून असतें. भुजेचें एक टोंक सांगाड्यास व दुसरें चाकाकडे जोडलेलें असतें. चाक उंचवट्यावर चढलें कीं भुजा वर उचलते, आणि स्प्रिंग व तेल भरलेला शॉक तो धक्का पचवितात.

आमच्या जळगांव जामोद भागांत सातपुड्याच्या पायथ्याशीं जमीन खडबडीत. तेथें मऊ स्प्रिंग व पातळ तेल बरें. गुळगुळीत फरशीवर कठीण स्प्रिंग चालते. शॉकचें खालचें टोंक भुजेच्या आंतल्या छिद्रांत बसविलें तर चाकावरील ताण मऊ होतो, बाहेरच्या छिद्रांत बसविलें तर कठीण. चाकाचा माथा १-२ अंश आंत झुकविला तर वळणावर पकड सुधारते. मागील चाकांचीं पुढचीं टोंकें किंचित् आंत वळविलीं तर मोटार स्थिर धांवते.

शर्यत हरलेला मुलगा प्रथम बापाकडे नवा भाग मागतो. ज्या घरीं कापसाच्या भावावर वर्षाचा खर्च ठरतो, तेथें ही मागणी हलकी नव्हे. आणि दोष बहुधा भागांत नसून जुळणींत असतो. म्हणून एका वेळीं एकच बदल करावा, तो वहींत टिपावा, त्याच वाटेनें पुन्हां धांवून घड्याळ पाहावें. दोन बदल एकदम केले तर गुण कोणाचा हें कळत नाहीं. बदल फसला तर तेंही लिहावें. बैलगाडीचें चाक जुळविणारा सुतारही ठोकतो, फिरवून पाहतो, पुन्हां ठोकतो.

पाठ बुडवून हा नाद करावा असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु पालकहो, मोटार हिसकावूं नका. वही दाखवावयास सांगा. प्रभूनें थोडक्यांत विश्वासू राहण्यास शिकविलें आहे. आपली चूक आपल्याच अक्षरांत लिहिणारा मुलगा तो धडा गिरवीत आहे, असें आम्ही समजतों.