नायटा हटत नाही? ट्यूब बदलण्याआधी शुगर तपासा

पावसाळ्यात नायटा, खाज, चिखल्या शेतकऱ्याच्या घरात नव्या नाहीत. दिवसभर ओल्या कपड्यात, चिखलात काम केलं की बुरशी धरतेच. धडधाकट माणसाची ती औषधाने जाते. पण शुगर, एचआयव्ही असलेल्यांची, कॅन्सरचे उपचार किंवा बरेच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असलेल्यांची प्रतिकारशक्ती कमी पडते. त्यांच्यात बुरशी पसरते, पुन्हा पुन्हा येते.

जांघेत, काखेत लालभडक ओलसर चट्टा आणि भोवती बारीक पुळ्या, बोटांच्या बेचक्यात पांढरी भिजलेली कातडी, वाढत जाणारा गोल चट्टा, ही त्याची लक्षणं. कित्येकांची शुगर अशा खाजेमुळेच पहिल्यांदा कळते.

घोळ होतो तो मेडिकलमधून परस्पर आणलेल्या ट्यूबने. अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, चट्टा फिका पडतो, बुरशी मात्र पसरत राहते. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्राने २०१८ मध्ये केला. तरी ती सहज मिळतात, कारण दवाखान्यात जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते.

नाकावर, गालावर, टाळूला काळी खपली किंवा डोळ्याभोवती सूज दिसली तर मात्र एक दिवसही थांबू नये. २०२१ मध्ये कोरोनानंतर म्युकरमायकोसिसने गाठलेल्यांत शुगरचे रुग्ण जास्त होते. उशीर झाला त्यांतल्या अनेकांचा डोळा गेला, जीवही गेला.

प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर तपासणी मोफत होते. दुसरी ट्यूब घेण्याआधी तिथे जाणं स्वस्त पडेल.