मागे घेतलेली दुरुस्ती

संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो अगदी आतला भाग, त्यास गाभा किंवा कर्नल असे म्हणतात. प्रत्येक आज्ञावलीस स्मृती नेमून देणे, एकीची स्मृती दुसरीच्या हाती लागू न देणे आणि काम संपताच ती परत घेणे, हे गाभ्याचे एक मुख्य कर्तव्य होय. यात चूक झाली तर ती एका आज्ञावलीपुरती राहत नाही. साऱ्या यंत्राचाच भरवसा नाहीसा होतो. म्हणून अशा दोषाचे महत्त्व तो किती वेळा प्रकट होतो यावरून नव्हे, तर प्रकट झाल्यास काय घडते यावरून ठरविले पाहिजे. लिनक्स या गाभ्याच्या इतिहासातील एक प्रकरण या दृष्टीने बोधप्रद आहे.

गाभा स्मृतीची वाटणी लहान लहान पृष्ठांनी करतो. बहुतेक यंत्रांत एक पृष्ठ 4096 बाइटांचे असते. अनेक आज्ञावलींना एकच मजकूर हवा असेल, तर सर्वांना एकच पृष्ठ दाखविले जाते. त्यांपैकी एखादी त्यात लिहू लागली, म्हणजे मगच गाभा तिच्यापुरती नक्कल तयार करतो. या युक्तीने स्मृती व वेळ या दोहोंची बचत होते. मात्र मूळ पृष्ठास धक्का लागता कामा नये, ही तिची अट आहे.

ही अट एका अतिसूक्ष्म क्षणी मोडत होती. विशिष्ट मार्गाने लेखनाची मागणी आली असता, नक्कल तयार होताच गाभा ‘लिहावयाचे आहे’ ही खूण काढून टाकी आणि पृष्ठाचा पुन्हा शोध घेई. आता हाती येईल ती नक्कलच, असे तो गृहीत धरी. परंतु तेवढ्यात त्याच आज्ञावलीच्या समांतर चालणाऱ्या दुसऱ्या शाखेने ‘ही नक्कल नको’ असे कळविले, तर नक्कल नाहीशी होई. लिहिण्याचा हेतू विसरलेला गाभा मग वाचनाच्या नियमाने मूळ पृष्ठच उचली, आणि लेखन त्याच्यावर होई. जी फाइल केवळ वाचण्याची मुभा होती, ती अशा रीतीने बदलता येई. आणि त्यायोगे सामान्य वापरकर्त्यास यंत्राचे सर्वाधिकार बळकावता येत.

2007 सालापासूनच्या गाभ्यात असलेला हा दोष ऑक्टोबर 2016 मध्ये ‘डर्टी काऊ’ या नावाने जगापुढे आला. फिल ओस्टर यांनी आपल्या सर्व्हरवर येणाऱ्या वाहतुकीची नोंद ठेवली होती. हल्ल्याची आज्ञावली त्या नोंदीतच सापडली. अँड्रॉइड दूरध्वनीही याच गाभ्यावर चालत असल्याने धोका केवळ मोठ्या यंत्रांपुरता नव्हता.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेच आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या दोषावर 2005 सालीच एक उपाय केला होता. परंतु आयबीएमच्या एस-390 जातीच्या यंत्रांवर त्याने अडचणी निर्माण झाल्या, म्हणून तो मागे घेण्यात आला. ही शर्यत त्या काळी केवळ तात्त्विक मानली जात होती. पुढे स्मृतिव्यवस्था अधिकाधिक कामे एका वेळी पेलू लागली आणि ती तात्त्विक शर्यत प्रत्यक्षात घडवून आणणे सोपे झाले. उलट एस-390 वरील अडचण 2013 साली दूर झाली होती. तरीही दुरुस्ती परतली ती 2016 सालीच!

हजारो दोषांतून निवड करणाऱ्या अभियंत्यांनी दुर्मिळ दोष मागे ठेवले तर त्यांत वावगे काय, असा आक्षेप घेता येईल. निवड अटळ आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण दुर्मिळता हा दोषाचा स्थायी गुण नव्हे. ती त्या काळच्या यंत्राची मर्यादा असते. यंत्र बदलले की दुर्मिळता संपते, परिणाम मात्र तोच राहतो. तेव्हा दुरुस्ती मागे घ्यावी लागली, तर ती कोणत्या कारणाने घेतली आणि ते कारण दूर होताच कोणी ती परत आणावयाची, याची नोंद जागती ठेवणे हे दुरुस्तीचेच अंग मानावयास हवे.

उत्तम साधने आली म्हणजे ही दक्षता नको, असेही नाही. 2015 साली लिनक्समध्ये आलेले ‘केसॅन’ हे साधन स्मृतीच्या दर आठ बाइटांमागे एक बाइट पहाऱ्यावर ठेवते आणि हद्दीबाहेरचा किंवा परत केलेल्या स्मृतीचा वापर पकडते. डर्टी काऊमध्ये मात्र हद्द कोठेच ओलांडली जात नव्हती. क्रम तेवढा चुकत होता. पहारेकऱ्यास तो दिसावा कसा?

2016 च्या दुरुस्तीने लिहिण्याची खूण कायम ठेवली, आणि नक्कल झाल्याचे वेगळे नोंदवून, पृष्ठावरील ‘बदललेले’ या खुणेवरून त्याची खातरजमा केली. पण मोठ्या आकाराच्या पृष्ठांवर ती खूण नकलेवाचूनही उमटू शकते, असे नोव्हेंबर 2017 मध्ये आढळले व पुन्हा दुरुस्ती करावी लागली. गाभ्यातील स्मृतिदोष शोधणाऱ्याने लक्षण नाहीसे झाले एवढ्यावर समाधान मानू नये. कोणते गृहीत खोटे ठरले, आणि तेच गृहीत आणखी कोठे कोठे धरलेले आहे, याचा शोध घेतल्याखेरीज दुरुस्ती पुरी झाली असे म्हणता येत नाही.