जुन्या डिटेक्टरला नवा चार्जर



सिनेगॉगच्या दारावरच्या जुन्या मेटल डिटेक्टरचा चार्जर जळला की लोक म्हणतात, "फेकून द्या." आम्ही म्हणतो, जरा थांबा. पण शब्बाथपर्यंत सोय झाली पाहिजे, नाहीतर पहारेकऱ्याच्या हाती नुसती काठीच!

आधी जुन्या चार्जरवरचं लेबल वाचा. व्होल्ट, मिलिअँपिअर आणि अधिक-उणे टोकांचं चित्र, तिन्ही जुळलं पाहिजे. नुसती पिन बसून भागत नाही. अमेरिकेहून कुणी पाठवलेला चार्जर फक्त 120 व्होल्टचा असेल, तर इथल्या 230 व्होल्टवर तो जळेल.

जुन्या यंत्रात बहुधा निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. 600 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी 60 मिलिअँपिअरवर भरायला 14 ते 16 तास लागतात. म्हणून गुरुवारी संध्याकाळी लावा, शुक्रवारी सकाळी काढा. हा चार्जर लिथियमच्या बॅटरीला मात्र लावू नका, आग लागू शकते.

मुलांनो, फुगलेल्या बॅटरीला हात लावायचा नाही, कॅडमियम विषारी असतं. आणि डिटेक्टर घेऊन जुनी नाणी शोधायला निघू नका हं! 1978 च्या पुरातन वस्तू कायद्याप्रमाणे त्याला परवाना लागतो.

जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता बॅटऱ्यांच्या पेटीतच टाका.