अपडेट बंद ठेवणे हा उपाय नव्हे

संपादक महोदय,

'संगणकाचे अपडेट कायमचे बंदच ठेवा' हा एका वाचकाचा सल्ला आपल्या अंकात वाचला. अपडेट अडकले की होणारा वैताग समजतो, पण हा सल्ला घातक आहे. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने जगभरातले संगणक ओलीस धरले. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती न घेतलेलेच सापडले.

आमच्या भागात अपडेट अडकण्याची कारणे बहुधा साधी असतात: सी ड्राइव्ह गच्च भरलेला, नाहीतर मध्येच वीज गेलेली. आधी सातबारा, पीकविम्याचे कागद, फोटो पेनड्राइव्हवर घ्यावेत आणि जागा मोकळी करावी. तरीही अडले तर 'विंडोज अपडेट' ही सर्व्हिस थांबवून 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन'मधील 'डाउनलोड' फोल्डर रिकामे करावे, सर्व्हिस सुरू करून पुन्हा अपडेट लावावे. यूपीएस नसेल तर भारनियमनाची वेळ टाळावी.

विंडोज 10 साठीचा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, हेही ध्यानात घ्यावे. सेवा केंद्रांतून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती हाताळणाऱ्यांनी तर अपडेटची चालढकल मुळीच करू नये. तिथे नुकसान आपले नव्हे, दुसऱ्याच्या कष्टाच्या पैशाचे होते.

– एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, दारव्हा (जि. यवतमाळ)