विश्लेषण : ऑस्ट्रेलियातले उपनगरी लॉन बोल्स क्लब कशावर तगले? आणि आता कशामुळे अडचणीत आहेत?

बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २ ऑगस्ट २०२२ रोजी लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की यांनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवून सुवर्णपदक जिंकले, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी ‘लॉन बोल्स’ हा शब्द पहिल्यांदा मोबाइलवर शोधला. मीही शोधला. बातमी पाच मिनिटांत लावायची होती आणि खेळ कशाशी खातात हेच ठाऊक नव्हते. पदकाची चर्चा आठवडाभर चालली. मला मात्र पदकापेक्षा ज्या ठिकाणी हा खेळ एरवी खेळला जातो ते ठिकाण जास्त रंजक वाटले. सिडनी, मेलबर्नच्या उपनगरांत गल्लीच्या टोकाला असलेला, पगारी माणसे नावापुरती आणि बाकी सगळे काम फुकट करणाऱ्यांच्या जिवावर चालणारा बोल्स क्लब.

खेळ नेमका काय आहे?

जेमतेम ४० मीटर लांबीची सपाट, चौकोनी हिरवळ. तिला ग्रीन म्हणतात. तिच्यावर आखलेल्या पट्ट्या म्हणजे रिंक. आधी ‘जॅक’ नावाचा छोटा चेंडू पुढे सोडायचा आणि मग दीड किलोच्या आसपास वजनाचे बोल घरंगळवत त्याच्या जवळात जवळ नेऊन थांबवायचे. गोट्या खेळलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. फक्त बोल सरळ जात नाही. तो एका बाजूने किंचित वेगळ्या गोलाईचा असतो, त्यामुळे वेग कमी होऊ लागला की वळतो. आत शिसे भरलेले असते हा समज जुना. आजच्या बोलचे वळण केवळ आकारातून येते.

एक गोष्ट इंजिनीअरिंग केलेल्यालाही क्षणभर बुचकळ्यात टाकते. ग्रीनचा वेग सेकंदांत मोजतात, पण जास्त सेकंद म्हणजे ग्रीन जास्त ‘वेगवान’. कारण साधे आहे. घर्षण कमी असेल तर बोल हळू सोडला तरी ठरलेल्या अंतरापर्यंत पोहोचतो, म्हणून वेळ जास्त लागतो. ऑस्ट्रेलियात १४-१५ सेकंदांचे ग्रीन चांगले मानतात. त्यासाठी गवत काही मिलिमीटर इतकेच ठेवावे लागते. सिडनी आणि त्याच्या उत्तरेकडच्या उष्ण भागात हे गवत बहुधा ‘काउच’ असते, म्हणजे आपल्या हरळीच्या, दुर्वांच्याच कुळातले. आपल्या शेतकऱ्याला जी हरळी उपटता उपटत नाही, ती तिथे रोज सकाळी कुणीतरी निगुतीने कापत असतो. तो ‘कुणीतरी’ कोण, हाच या लेखाचा विषय.

क्लब आले कुठून?

इंग्लंडमध्ये साउदम्प्टनच्या ग्रीनचा इतिहास १२९९पर्यंत मागे नेतात. पण हा खेळ सर्वांचा नव्हता. आठव्या हेन्रीच्या काळात, १५४१ साली, कारागीर आणि मजुरांना नाताळ वगळता बोल्स खेळायला कायद्याने बंदी झाली. लोकांनी धनुर्विद्येचा सराव करावा, ही त्यामागची काळजी. तो कायदा १८४५ला रद्द झाला. ऑस्ट्रेलियातला पहिला नोंदलेला खेळही १८४५चाच मानतात, टास्मानियातल्या होबार्टजवळ सँडी बे इथला. योगायोग असेल, पण बोलका आहे.

खेळ पसरला तो दोन गोष्टींमुळे. १८३०मध्ये एडविन बडिंगने गवत कापायचे यंत्र बनवले आणि १८४८-४९च्या सुमारास ग्लासगोचे वकील विल्यम मिचेल यांनी नियम एकत्र लिहून काढले. यंत्र नसते तर सपाट हिरवळ फक्त जमीनदाराच्या वाड्यातच परवडली असती. मेलबर्न बोलिंग क्लब १८६४चा. १८८०मध्ये व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या दोन्ही वसाहतींत क्लबांच्या संघटना झाल्या. इंग्लंडला तशी संघटना करायला १९०३ उजाडले आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले क्रिकेटचे दाढीवाले डॉक्टर डब्ल्यू. जी. ग्रेस.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे वाढली तसे क्लबही वाढले. अनेक ठिकाणी जमीन सरकारी किंवा कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, भाड्याने घेतलेली. ग्रीनचा पाया खणणे, निचऱ्याचे चर काढणे, क्लबघराला रंग देणे ही कामे सदस्यांनी शनिवार-रविवारी मिळून केली. याला तिथे ‘वर्किंग बी’ म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, श्रमदान.

स्वयंसेवक करतात तरी काय?

बाहेरून बघताना वाटते, चार आजोबा पांढऱ्या कपड्यांत खेळत बसलेत. त्या चौघांपैकी एकाने सकाळी रेघांच्या दोऱ्या सरकवलेल्या असतात, कारण रोज त्याच जागी खेळले तर गवत मरते. दुसरा खजिनदार असतो आणि रात्री घरी जेवणाच्या टेबलावर पावत्या लावतो. तिसऱ्याची बारवर पाळी असते. न्यू साउथ वेल्समध्ये दारू वाढायची तर त्याचे प्रमाणपत्र लागते, फुकट काम करणाऱ्यालाही. चौथा शुक्रवारच्या सोडतीची तिकिटे विकतो. या सोडतीत बक्षीस म्हणून मटणाचा ट्रे असतो, हे तिथे कुणाला विचित्र वाटत नाही.

यातले एकही काम अवघड नाही. प्रत्येक काम दर आठवड्याला करावे लागते, अवघड आहे ते हेच.

आणि इथे जुन्या क्लबांचे कौतुक करताना हात आखडता घ्यावासा वाटतो. दीर्घकाळ स्त्रियांचा खेळ वेगळा, संघटना वेगळी आणि स्पर्धा कामाच्या दिवशी. शनिवार पुरुषांचा. शनिवारी चहा आणि सँडविच कोण करत असे, हे सांगायला नको. नोकरी करणाऱ्या बाईला मंगळवारी दुपारी खेळता येत नाही, एवढी साधी गोष्ट लक्षात यायला अनेक क्लबांना फार वर्षे लागली. पुढे मनुष्यबळ आटले तेव्हा ‘तरुण पिढी येत नाही’ अशी तक्रार झाली. दार कुणासाठी किती उघडे ठेवले होते, ते आधी बघायला हवे होते.

मग अडचण कुठे झाली?

न्यू साउथ वेल्सने १९५६मध्ये क्लबांना पोकर मशीन ठेवायला कायदेशीर परवानगी दिली. नाणी खाणाऱ्या या जुगारयंत्रांतून पैसा आला आणि मोठे क्लबघर, मोठा बार, पगारी माणसे आली. मोठे क्लब अजून मोठे झाले. छोट्यांच्या यंत्रांकडे गिऱ्हाईक फिरकेना, पण खर्च मात्र मोठ्यांसारखा वाढलेला. मग विलीनीकरण येते. मोठा क्लब छोट्याला पोटात घेतो आणि काही वर्षांनी ग्रीन तोट्यात आहे असे कळते. सोबत १९९७ ते २००९चा दीर्घ दुष्काळ आला. पाण्यावर निर्बंध आले, आणि ज्यांना जमले त्यांनी कृत्रिम गवत टाकले.

आणि जमीन. सिडनीत रेल्वे स्टेशनजवळचा सपाट, चौकोनी, मोकळा तुकडा म्हणजे बिल्डरच्या स्वप्नातला भूखंड. माझे मत असे की क्लब बुडतो तो पैशाअभावी कमी, आणि समितीची रिकामी खुर्ची भरायला माणूस न मिळाल्यामुळे जास्त. चाळीस सदस्य, सरासरी वय सत्तरीचे, सचिव व्हायला कुणी तयार नाही. अशा सभेत विक्रीचा प्रस्ताव आला की तो सुटकेसारखा वाटतो.

अनवाणी पाहुणे क्लब वाचवतील?

२००२च्या ‘क्रॅकरजॅक’ या ऑस्ट्रेलियन विनोदी चित्रपटाचा नायक फक्त गाडी लावायला जागा मिळते म्हणून बोल्स क्लबचा सदस्य झालेला असतो. क्लब संकटात सापडतो आणि त्याला खरोखर खेळायला उतरावे लागते. ‘बेअरफूट बोल्स’ची लाट त्याच सुमाराची. बूट काढा, बिअर घ्या, तासाचे पैसे भरा, खेळा. जुनी मंडळी नाक मुरडतात. मला त्यात काही वावगे दिसत नाही. त्या पैशातूनच यंत्राची पाती धार लावून येतात.

पण गिऱ्हाईक आणि सदस्य यांत फरक आहे. सिडनीतल्या पीटरशॅम क्लबकडे बघा. १८९६चा क्लब. बंद पडायच्या बेतात असताना आसपासच्या रहिवाशांनी सदस्य होऊन कारभार अंगावर घेतला आणि पोकर मशीन काढून टाकली. गाण्याचे कार्यक्रम, जेवण, मुले, सगळे आले. पण आधी समितीत बसायला माणसे आली.

सार्वजनिक जागेवर बंद फाटक असलेला क्लब मलाही खटकतो. मुंबईत २०१६मध्ये मोकळ्या जागा दत्तक देण्याच्या पालिकेच्या धोरणावर याच भीतीने गदारोळ झाला आणि त्याला स्थगिती मिळाली. म्हणून भाडेपट्टा वाढवताना कौन्सिलने दोन प्रश्न विचारावेत असे वाटते. फाटक आठवड्यातून किती तास सगळ्यांसाठी उघडे असते? आणि गेल्या वर्षी किती जणांनी फुकट काम केले, त्यात नवे किती? जमिनीचा बाजारभाव या दोन उत्तरांनंतर विचारात घ्यावा. आज बहुतेक वेळा तो आधी येतो, आणि नोंदवहीतले श्रमदानाचे तास कुणी उघडूनही बघत नाही.